पावसाळ्यातलं पॉलिश

मास्तर, तुमच्या घरच्या बाई सध्या माझ्याकडे आहेत. परवा चंद्रपूरला त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्यानं तसंही फार दिसत नव्हतं, त्यामुळे पट्टी निघेपर्यंत सगळा कारभार हातानं आणि कानानं चाललाय. डॉक्टरांनी आठ दिवस प्रवास नको म्हटलं, तेव्हा मीच हट्ट धरला की भामरागडपर्यंत खड्ड्यांतून डोळा हिंदकळत नेण्यापेक्षा आमच्या ऊर्जानगरला राहा. त्या दुकानामागच्या खोलीत खाटेवर पडल्या आहेत आणि मी इकडे दुकानात बसून तुम्हाला लिहितोय. तुम्ही जाऊन वीस पावसाळे उलटले. मधल्या काळात लिहायचं मनात आलं नाही असं नाही. पण ज्या बाकावर बसून मी हे लिहितोय त्याच्याबद्दल मला तुम्हाला सांगायचंय, आणि तो बाक नाहीच खरं तर. ते ओघानं येईल. एकदम सांगायला गेलो तर अर्ध्यात उठून जाईन, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

दुपार आहे. श्रावणातला बारीक पाऊस सकाळपासून पत्र्यावर पडतोय, आणि थोड्या वेळानं तो पडतोय की आपल्यालाच तसं वाटतंय ते कळेनासं होतं. शिफ्ट सुटली की वीज केंद्राच्या बसेस दारावरून जातात, दुकानातली काच थरथरते, मग पुन्हा सामसूम. माझं काम आता क्वार्टरमधल्या लोकांचं. किचनची कपाटं, चपला ठेवायचे रॅक, पोरांची अभ्यासाची टेबलं. बहुतेक सगळं प्लायचं. तुम्ही प्लायला लाकूड म्हणायला तयार नव्हतात. ‘कागद हाय तो, दाट कागद’ म्हणायचात. तर मास्तर, दाट कागदावर माझं घर चाललंय आणि बरं चाललंय.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या हातांना मासोळीचा वास होता. आमचं घर तलावावर जगणारं. पाणी असेतो जाळं टाकायचं, धानाच्या रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत चिखलात उभं राहायचं, आणि उन्हाळ्यात तलावाचं बूड दिसायला लागलं की घरातलं बोलणं कमी व्हायचं. आई चुलीपुढं नुसतीच बसलेली असायची. गावात औषधं घेऊन येणारी मिशनची नर्स एकदा बाबांना म्हणाली की भामरागडला सुतारकाम शिकवतात, राहायला-जेवायला देतात. बाबा मला एसटीनं घेऊन निघाले. सकाळी निघालेलो आम्ही, जंगल संपतच नव्हतं. खिडकीतून साग आणि साग. मला झोप लागली, जाग आली तरी तेच झाड खिडकीत उभं होतं असं मला आजही वाटतं.

तुमच्या वर्कशॉपच्या दारात बाबांनी चपला काढल्या. देवळात काढतात तशा. तुम्ही म्हणालात, ‘राहू द्या जी, खिळे रुततीन.’ बाबांनी चपला घातल्या आणि गावापासून घोळवत आणलेला प्रश्न विचारून टाकला, ‘धरम बदलवा लागते का?’ तुम्ही रंधा खाली ठेवलात. ‘पोराचे बाप हाय तुमी. तुमीच सांगा, हा रंधा धराले कोनता धरम लागते?’ बाबा इकडंतिकडं पाहू लागले, आणि लाकडी घोडीवर ठेवलेली एक लांबट, होडीसारखी पेटी त्यांना दिसली. बाबांचा चेहरा खुलला. अनोळखी मुलखात ओळखीचं कुणी भेटावं तसे ते पुढं झाले. ‘डोंगा बनवून राह्यले का?’ तुम्ही इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. ‘तसाच समजा,’ म्हणालात, ‘एका फेरीचा.’ बाबांना ते कळलं नाही. मलाही नाही. पण त्या हसण्यावर विसंबून बाबा मला तिथं सोडून गेले.

रोज सकाळी कामाआधी तुम्ही डोळे मिटून देवाशी बोलायचात. मोठं काही नाही. आज फलाण्याच्या बंडीचं चाक नीट बसू दे, फलाण्याचं बोट वाचव. मी डोळे मिटायचो नाही. वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात लाकडाचा भुसा तरंगत असायचा, आणि तुमचा आवाज त्या भुशातूनच येतोय असं वाटायचं. आमचा देव सुताराच्या घरात वाढला, असं तुम्ही शेजारच्या घरातलं सांगावं तसं सांगायचात. एकदा मी विचारलं होतं, मिशन आधी धान्य वाटायचं, कपडे वाटायचं, ते बंद काऊन केलं? तुम्ही पटाशीला धार लावत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘देल्लेलं धान्य पोळ्यापर्यंत पुरते बाबू. मंग मानूस पुन्हा दाराशी येते, अन् मान खाली घालून येते. मले ती खाली मान पाहवत नाई.’ तेवढंच बोललात. मग मला ती पटाशी धरायला दिलीत आणि कोन चुकला म्हणून हातावर फटका मारलात.

चौथ्या महिन्यात मला त्या एका फेरीच्या डोंग्याचा अर्थ कळला. मिशनच्या वस्तीत एक म्हातारा वारला होता. निरोप आला आणि तुम्ही सगळी कामं थांबवलीत. दार अर्धं झालेलं, खाटेचे पाय सुटे पडलेले, सगळं तसंच. ‘पेटी,’ एवढंच म्हणालात. मोठी पोरं लगेच शवपेटीसाठी फळ्या काढू लागली. मला एक टोक धरायला सांगितलंत आणि मी हात मागे घेतला. आमच्याकडे तिरडीचे बांबू माणूस गेल्यावरच तोडतात आणि घरी आल्यावर अंघोळ केल्याशिवाय कशाला शिवत नाहीत. मेलेल्याचं सामान, तेही स्वतःच्या हातानं, तेही जेवायच्या आधी! मी पळालो. नदीवर जाऊन बसलो. तुम्ही मागून आलात, बूट काढून पाण्यात पाय सोडलेत. मला वाटलं आता देवाचं काहीतरी सांगतील. तुम्ही म्हणालात, ‘मासोळी मारता तुमी लोक. मेल्या जिवाले हात लावत नाई का?’ मी म्हटलं, ‘ते खायाचं असते.’ ‘हं,’ म्हणालात, ‘मंग हे पोचवाचं असते. चाल.’ मी आलो. का आलो ते आजही नीट सांगता येत नाही.

आणि आलो तो असा की झाकणाच्या कडा घासत बसलो. पळून गेल्याची भरपाई करायची होती बहुधा. फळी कशी गुळगुळीत होत चालली होती, हात घसरत होता. लाखेच्या पॉलिशचा डबा भिंतीवरच्या फळीवर दिसला, तो काढला, लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये मुरलेला होता, कापसाची पुरचुंडी केली आणि पहिला हात मारणार तोच तुम्ही मनगट धरलंत. तुम्ही आवाज चढवायचा नाहीत, त्या दिवशीही चढवला नाहीत. ‘कोनासाठी करून राह्यला हे?’ मी म्हटलं, म्हाताऱ्यासाठी. तुम्ही मला दारापाशी नेलंत. बाहेर पडवीत त्याची माणसं उकिडवी बसली होती, डोक्यावर पोती घेऊन, कारण पाऊस होता. ‘ते पाह्य. ते वाट पाहून राह्यले. तो बी वाट पाहून राह्यला. पेटी झाली की झाली, निंगाचं. पॉलिश पाहनाऱ्यासाठी असते. अन् पावसाळ्यात तं हातच लावाचा नाई.’ मग तसंच ओल्या फळीच्या तुकड्यावर एक हात मारून दाखवलात. थोड्या वेळानं त्यावर दुधावर धरते तशी पांढरी साय धरली. ‘हवेतलं पानी धरते ते,’ म्हणालात. ‘खरवडा, पुन्हा करा, पुन्हा खरवडा. दिवस जाते.’ मास्तर, हे तुम्ही मला शिकवलेलं मी विसरलो होतो असं म्हणायची सोय मला नाही.

तुमच्या स्वयंपाकघराची आठवण मात्र मऊ आहे. रविवारी चर्च सुटलं की आम्ही सगळे तिथं. मी सकाळीच नदीवर गळ टाकून आलेलो असायचो, बाई मासोळीला मीठ-हळद लावायच्या आणि मला पाट्यावर लसूण वाटायला बसवायच्या. धूर खिडकीतून जायचं सोडून आमच्यातच हिंडायचा. त्या घरातली प्रत्येक फळी कुणा ना कुणा पोरानं शिकताना केलेली. बाईंना एक खोड होती. फळीवरून तळहात फिरवायचा आणि सांगायचं, ही अमक्याची, ह्याला घाई होती, ही तमक्याची, ह्याचा रंधा बोथट होता. डोळे चुलीकडं, हात फळीवर. आम्ही पैजा लावायचो. बाई कधी चुकल्या नाहीत. माझ्या फळीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, ‘ह्याले लोकाईनं पाह्यलं पायजे असं वाटते.’ सगळे हसले. तुम्ही भाताचा घास तोंडाजवळ थांबवून माझ्याकडे पाहिलंत, आणि मग खाल्लात.

शिकून झाल्यावर तुमच्याकडे एकच पद्धत होती. ज्यानं त्यानं आपली अवजारांची पेटी आपणच करायची, तिच्यात मिशननं अवजारं घालायची आणि त्याला बाहेर काढायचं. ठेवून घ्यायचं नाही. माझ्या पेटीत नव्या अवजारांवर तुम्ही तुमचा स्वतःचा रंधा ठेवलात, मुठीशी तुमच्या अंगठ्यानं खळगा पडलेला. मी पाया पडायला वाकलो तर खांदे धरून उभं केलंत. ‘एक काम बाकी ठेवतो तुह्याकडे,’ म्हणालात. ‘माही पेटी तू करजो. चार फळ्या, खिळे, झाकन. पॉलिश नाई. अन् उशीर नाई.’ मी म्हटलं, काऊन असं बोलता मास्तर. तुम्ही म्हणालात, ‘त्यात काय, ऑर्डर देऊन राह्यलो.’ तुमच्या तोंडून ऐकलेली ती पहिली ऑर्डर. माझ्या दुकानाची तर पहिलीच.

दुकान आलापल्लीला टाकलं. सागाच्या गावात. तुम्ही एकदा न सांगता आला होतात, आठवतं? मी तेव्हा फावड्याचे दांडे आणि खाटांचे पाय करत होतो, घराच्या दाराचं काम अजून कुणी देत नव्हतं. तुम्ही स्टुलावर बसलात आणि स्टूल डुगडुगलं. एक पाय तोकडा. तुम्ही खिशातून एसटीचं तिकीट काढलंत, चौघडी केलीत, पायाखाली सारलीत आणि चहा मागितलात. तास-दीड तास बसलात. गेल्यावर मी तो पाय नवा केला. तिकीट पुष्कळ दिवस अवजारांच्या पेटीत होतं, मग कुठं गेलं कोण जाणे. पुढं कामं यायला लागली. शाळेचे बाक आले, दारं आली. आईच्या चुलीपुढं बसण्यात फरक पडला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. घरी उन्हाळ्यातही बोलणं सुरू राहिलं. तुमचं ते मान खाली घालून येणं मला तेव्हा समजलं, कारण आमची मान वर आली होती.

आता तो दिवस. भामरागडहून सकाळची एसटी आली, कंडक्टर पावसातून माझ्या दुकानात शिरला आणि म्हणाला, ‘मास्तर गेले, पहाटे. संध्याकाळी माती हाय. बाईनं सांगतलं, पेटी तुमी आनसान.’ मी रडलो नाही. मी फळ्या काढल्या. तुमच्यासाठी म्हणून चार फळ्या मी केव्हाच्या बाजूला ठेवल्या होत्या, जुन्या सागाच्या, एकही गाठ नसलेल्या. तुमचाच रंधा घेतला. हात असे चालले की कोण चालवतंय ते मला कळत नव्हतं, भुसा उडत होता आणि झरोका नसलेल्या माझ्या दुकानात मला ती उन्हाची तिरीप दिसत होती. एक वाजता पेटी झाली, मास्तर. एक वाजता. झाकण बसलं, खिळे बसले, जीप दारात उभी. अडीच तासांचा रस्ता.

आणि मी मागे सरून पाहिलं. कोरी पेटी. मनात आलं, संध्याकाळी सगळे येतील. तुम्ही शिकवलेली सगळी पोरं, गडचिरोलीपासून सिरोंचापर्यंत विखुरलेली. पाद्री येतील, दवाखान्याचे डॉक्टर येतील. ही पेटी कुणी केली म्हणून विचारतील. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते तुमच्यावरचं प्रेम होतं. प्रेम होतंच. पण फळीवरचा पॉलिशचा डबा काढताना मला तुमचा चेहरा दिसत नव्हता. मला पाहणाऱ्यांचे चेहरे दिसत होते.

जीपवाला दारातून म्हणाला, ‘चला जी, नाल्याले पानी चढून राह्यलं.’ मी म्हटलं, ‘एक हात मारतो अन् निंगू.’ ‘हात कायचा? पेटी तं झाली.’ मी पहिला हात मारला आणि साग लख्ख उजळला. मग बघता बघता साय धरली. पांढरी. मी खरवडली. दुसरा हात मारला, शेगडी पेटवून जवळ धरली, तरी कडांना पांढरं आलंच. पुन्हा खरवडलं. जीपवाला बिडी ओढून कंटाळला, मग जीपमध्ये जाऊन बसला. तिसरा हात जमला. आरशासारखी नाही, पण सुरेख झाली होती. बाहेर पाहिलं तर चार वाजून गेले होते.

जंगलातून जाताना मी मागे पेटीला धरून बसलो होतो. ताडपत्रीवर पाऊस, खाली स्पिरिटचा वास, दोन्ही बाजूंनी साग, संपतच नाही असा. मला पहिल्या वेळची एसटी आठवत होती. नदीवर पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. पूल नव्हता. म्हणजे होता, पाण्याखाली. गढूळ पाणी इतकं सपाट चाललं होतं की नदी आहे असंच वाटेना, जमीनच सरकतेय असं वाटे. नदीकाठच्या पोलीस कॅम्पवरचा एक शिपाई छत्री घेऊन उभा होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, ‘चारपर्यंत मानसं पायी जाऊन राह्यली होती. पावने चारची एसटी गेली ना पार. मंग एकदम पानी आलं.’ पलीकडच्या काठावर दोनचार छत्र्या दिसत होत्या. मी हाक मारली, ती पाण्यानं नेली. मग घंटा ऐकू आली, तुमच्या चर्चची. एकेक ठोका, मधे खूप वेळ. मी पेटीवर हात ठेवून उभा होतो. पॉलिश अजून बोटांना जरासं चिकटत होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. पलीकडे गेलो तर तुम्ही मातीखाली होतात. त्यांनी दिवेलागणीपर्यंत माझी वाट पाहिली, आणि मग त्या वर्षीच्या पोरांनी वर्कशॉपमधलं मोठं कामाचं टेबल उकललं, ज्याच्यावर तुम्ही आम्हाला सगळ्यांना शिकवलंत. करवतीच्या खुणा आणि खिळ्यांची भोकं असलेल्या त्या फळ्यांची पेटी केली, रंधाही मारायला वेळ नव्हता. म्हणजे तुम्हाला तुमच्या ऑर्डरबरहुकूम पेटी मिळाली. माझ्याकडून नाही मिळाली, इतकंच. बाई ओट्यावर बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनीच माझा हात धरला. ‘नदी आडवी आली,’ म्हणाल्या, ‘तू काय करशीन बाबू?’ आणि मी होकाराची मान हलवली. बस. तेवढंच केलं मी, मान हलवली.

ती मान हलवण्याची गोष्ट केवढी झाली म्हणून सांगू. बाईंनी ती पाद्रींना सांगितली, पाद्रींनी उपदेशात घेतली. आता दर नव्या तुकडीला सांगतात, की गुरूची पेटी घेऊन एक शिष्य रात्रभर पुरासमोर उभा होता. रात्रभर! मी तासभर उभा होतो, मग जीपमध्ये झोपलो. मला कार्यक्रमाला बोलावतात, शाल देतात. दोन वेळा गेलो, मग कामाचं निमित्त सांगायला लागलो. आलापल्ली सोडून इकडे आलो तेही लोकांना धंद्यासाठी म्हणून सांगितलं. खरं म्हणजे त्या रस्त्यानं जाणारी प्रत्येक एसटी दुकानासमोर थांबायची.

पेटी मी विकली नाही, मोडली नाही. दुकानात भिंतीला लावून ठेवली. तिच्यात अवजारं राहतात, तुमचा रंधा राहतो, वर गिऱ्हाईक बसतं. हाच तो बाक. क्वार्टरमधल्या एका मॅडमनी गाद्या ठेवायला मागितली होती, पॉलिश किती छान टिकलंय म्हणाल्या. मी नाही म्हटलं. कधीकधी दुपारी हिच्यावरच डोळा लागतो आणि एकच स्वप्न पडतं. नदी भरलेली आहे, पेटी पाण्यात आहे, डोंगा होऊन, आणि तुम्ही त्यात बसलेले आहात, बूट काढून. बाबा मागं वल्हवताहेत. तुम्ही दोघं काहीतरी बोलून हसताय. मी काठावरून सांगायचा प्रयत्न करतो, ओलं आहे अजून, कपड्याला लागेल. तुम्हाला ऐकू जात नाही. बाबाही गेले आता. स्वप्नात ते कधीच परके नसतात तुम्हाला.

तीन दिवसांपूर्वी बाई आल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या दुकानात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची गोष्ट. एसटीतून उतरवून आणलं, म्हटलं बसा, आणि त्या नेमक्या इथंच बसल्या. बसल्या बसल्या तळहात फिरला. मी पाणी आणायला निघालो होतो, तो थांबलो. हात झाकणावरून गेला, कडेनं गेला, कोपऱ्यात थांबला, परत आला. ‘हीच काय ते?’ ‘हो बाई.’ ‘चपडा हाय.’ ‘हो.’ ‘किती हात?’ मला खोटं सुचलं नाही. ‘तीन,’ म्हटलं. बाईंचा हात तसाच राहिला. बाहेरून वीज केंद्राची बस गेली, काच थरथरली आणि थांबली. चाळीस वर्षं सुताराचा संसार केलेली बाई ती. श्रावणात चपड्याचे तीन हात किती वेळ खातात ते त्यांना मी सांगायला नको होतं. मग म्हणाल्या, ‘मंग नदी आडवी आली.’ विचारत होत्या की सांगत होत्या, त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. मास्तर, दार उघडं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी म्हणालो, ‘हो बाई. नदी आडवी आली.’

त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला. ‘माह्यासाठी हीच ठेवजो,’ म्हणाल्या. ‘मापात बसतो मी. आटलो आता. पन हे खरवडून टाक. वर गेल्यावर ते बोलतीन मले.’ आणि हसल्या. मी आजपासून खरवडायला घेतलंय. तुमच्याच रंध्यानं. वीतभर जागा मोकळी झालीय, आणि खालचा साग असा ताजा वासाचा निघालाय की जणू कालच कापलाय. मग हात चालेना, म्हणून कागद घेतला.

हे तुम्हाला पोचणार नाही ते ठाऊक आहे, म्हणून तर इतकं धीटपणे लिहून झालं. ज्यांना पोचायला हवं त्या दहा पावलांवर आहेत. त्यांच्या डोळ्यावर पट्टी आहे, त्या माझं तोंडही पाहणार नाहीत. नुसतं वाचून दाखवायचं. एवढं मनाशी घोकून मी आत्ता उठलो, हे कागद हातात घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेलो. कागदाचा आवाज झाला असावा. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, तशाच म्हणाल्या, ‘रंध्याचा आवाज बंद झाला. काय करून राह्यला बाबू?’

‘लिहून राह्यलो होतो बाई,’ मी म्हटलं. ‘एका कपाटाची ऑर्डर हाय.’

मग त्या म्हणाल्या, ‘पॉलिशची असन तं घेऊ नोको. पावसाचे दिवस हायेत.’

‘नाई घेत बाई,’ म्हणालो, आणि परत येऊन पेटीवर बसलो.